बाबांची खात्री

तिने ओला बोळा बाबांच्या ओठांवरून फिरवला, तेवढ्यात त्यांनी तिचं मनगट धरलं. अंगात उठून बसायचं त्राण नव्हतं, पण पकड जुनीच होती. लहानपणी रस्ता ओलांडताना असंच धरायचे.

"बाहेर कोण आहे?"

"कोणी नाही. दादा ऑक्सिजनचा रिकामा सिलिंडर बदलून आणायला गेलाय."

"दार लोटून घे."

दार लोटलेलंच होतं. तरी ती हात सोडवून उठली, पुन्हा एकदा लोटून आली आणि बसताच बाबांनी परत तिचं मनगट धरलं.

या खोलीत ती कित्येक वर्षांनी पाऊल टाकत होती. बाबांच्या धर्मसभेचा नियम सरळ होता. सभा सोडून गेला तो मेला. त्याच्याशी बोलायचं नाही, त्याला घरात बसू द्यायचं नाही. बाबा जन्मभर वजनकाटे दुरुस्त करत आले. गुंजभर फरक त्यांना खपत नसे, काट्यात नाही आणि धर्मात तर नाहीच नाही. आई गेली तेव्हाही त्यांनी पोटच्या मुलीला फाटकाबाहेर उभं ठेवलं होतं. आता दादाने सभेत कोणाला कळू न देता तिला फोन केला. बाबा डोळे मिटायला घाबरतात गं, तू नर्स आहेस, बघ काही जमतंय का, एवढंच म्हणाला आणि रडायला लागला.

औषधं तिने देऊन पाहिली होती. त्यांचा उपयोग नव्हता.

"आयुष्यभर मी लोकांना सांगत फिरलो," बाबा म्हणाले आणि श्वासासाठी थांबले. "वर काय आहे, कोणाला जागा आहे, कोणाला नाही. जसा काही मी स्वतः जाऊन बघून आलोय."

तिने मोकळ्या हाताने त्यांची उशी सारखी केली.

"तिथे काहीच नसलं तर?"

"दादा रोज वाचून दाखवतो ना?"

"तो माझ्याकडे न बघता वाचतो. तू सांग. तू कधी खोटं बोलली नाहीस. त्या दिवशी नुसती मान डोलावली असतीस, तर घरात राहिली असतीस. पण भर सभेत उभी राहून 'नाही पटत' म्हणालीस." त्यांनी मान तिच्याकडे वळवली. "मी चुकलो का गं?"

एवढंच ऐकायला ती इतकी वर्षं झुरली होती. उत्तर तर तोंडपाठ होतं. बसच्या रांगेत, पेशंटच्या चादरी बदलताना तिने ते घोकून ठेवलं होतं. हो, चुकलात. माझ्या बाबतीत चुकलात, आईच्या वेळी तर फारच चुकलात. आता नुसतं तोंड उघडायचं होतं. पण बाबांच्या डोळ्यांतली भीती तिला बघवेना. वॉर्डात तिने पुष्कळ माणसं जाताना पाहिली होती, इतकं घाबरलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

"नाही बाबा. तुम्ही बरोबर होतात."

"तुला पटतं?"

"आता पटतं. जाताना काहीजणांना दिसतं काहीतरी. चेहऱ्यावर कळतं. मी पाहिलंय."

आवाज जराही कापला नाही, याचं तिलाच नवल वाटलं. बाबा रोखून बघत होते, गिऱ्हाइकाचा काटा तपासताना बघायचे तसे.

"माझी जागा?"

"आहे. आईच्या शेजारी."

"आणि सोडून गेलेले?"

इथे ती अडखळली. थोडी सूट द्यावी, असं मनात आलं. पण बाबांच्या गळ्यात अर्धामुर्धा माल मारणं कोणालाच जमलं नव्हतं. एक खिळा काढला असता, तर सगळंच खिळखिळं झालं असतं.

"त्यांना जागा नाही."

"पश्चात्ताप झाला तरी?"

"तरी नाही. उठून गेलेल्याला परत घेत नाहीत. तुम्हीच शिकवलंत."

बाबांनी मोठा श्वास सोडला. कपाळावरची आठी हळूहळू सैल झाली. तिचं मनगट अजून त्यांच्या हातात होतं आणि वेड्यासारखा तिला त्याचाच आनंद होत होता. त्या हातासाठी ती आणखी काहीही बोलली असती.

मग त्यांनी हात सोडला.

"तू इथे बसू नकोस." आवाज क्षीण होता, पण त्यात आता कसलीही शंका नव्हती.

"बाबा, थोडा वेळ..."

"नियम आहे. माहीत आहे ना तुला?"

"हो."

तिने पांघरूण त्यांच्या छातीपर्यंत ओढलं. तोवर त्यांनी डोळे मिटले होते. ती बाहेर आली आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली.

थोड्या वेळाने दादा सिलिंडर खांद्यावर घेऊन धापा टाकत वर आला आणि तिला पाहून थबकला.

"तू बाहेर का? काय झालं?"

"झोप लागलीये त्यांना," ती म्हणाली आणि त्याला वाट द्यायला भिंतीकडे सरकली. "हळू जा आत."