खालच्या गिरणीतलं दळण

शिंपीणबाईंनी दळण खालच्या गिरणीत टाकलं त्याला कारण एकच होतं, त्यांचा उजवा गुडघा. वरची गिरणी चढावर. गव्हाचा डबा घेऊन तिथवर जायचं म्हणजे जीव मेटाकुटीला यायचा. खालची गिरणी घरापासून हाकेच्या अंतरावर होती. पण दोन्ही गिरणीवाले दोन पक्षांचे, आणि कुठलं घर कुणाचं हे गावात दळणावरूनच ठरायचं. बाईंचे धाकटे दीर वरच्यांचे कार्यकर्ते, म्हणून बाईंचं घरही वरच्यांचं. नवरा होता तोवर डबा तोच न्यायचा, त्यामुळे त्यांना स्वतःला कधी हा विचार करावाच लागला नव्हता.

मतदान तोंडावर आलं होतं. बाईंचा डबा पाहून खालच्या गिरणीवाल्याने चेहऱ्यावरचं पीठ पुसलं.

"काय बाई, आलात ना शेवटी आमच्यात?"

"गहू दळायला आलेय. जरा बारीक काढा."

दळण होईपर्यंत बातमी गावभर झाली. दुपारी वरच्या आळीतली एक बाई शिवायला दिलेलं कापड परत घेऊन गेली. "घाई नाही काही, राहू दे," एवढंच म्हणाली. थोड्या वेळाने खालच्या आळीतून दोघीजणी उशांचे अभ्रे घेऊन आल्या. अभ्रे कुठेच फाटलेले नव्हते. बाईंनी ते उलटसुलट करून पाहिले आणि बाजूला ठेवून दिले.

संध्याकाळी दीर आले. गाव त्यांना पुढारी म्हणायचं, निम्मं कौतुकाने, निम्मं चिडवायला. दाढी वाढलेली, भाषणांनी घसा बसलेला.

"वहिनी, मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीत तुम्ही."

"गुडघा दुखतो, भावजी."

"मग मतदान झाल्यावर दुखला असता तर चाललं नसतं का?"

बाईंना हसू आलं. पुढाऱ्यांनाही आलं, पण त्यांनी ते आवरलं. "यापुढे मी नेऊन देत जाईन दळण."

"कधी? स्वतःच्या घरी जेवायला तरी जाता का तुम्ही?"

पुढारी पाणी पिऊन निघून गेले.

मतदानाच्या सकाळी बाई धुतलेले कपडे घालून दारात उभ्या राहिल्या. केंद्र शाळेत होतं, शाळा चढावर. तेवढ्यात बोळात वरून एक गाडी आली, खालून दुसरी. दोन्ही समोरासमोर अडकल्या. दोन्ही ड्रायव्हर उतरून हमरीतुमरीवर आले. बाई आमच्या गाडीतून येणार, असं दोघांचंही म्हणणं. आजूबाजूच्या खिडक्यांमधून माणसं बघत होती. ज्या गाडीत बसू त्या गाडीचा शिक्का आपल्यावर बसणार, हे बाईंना कळून चुकलं.

"कुणाचीच नाही अशी एखादी गाडी नाही का रे?" त्यांनी विचारलं.

ड्रायव्हर एकमेकांकडे बघत राहिले. त्यातल्या एकाने खरंच डोकं खाजवलं. "तशी गाडी नाही मावशी गावात."

बाई आत गेल्या आणि त्यांनी कडी लावली. बराच वेळ हॉर्न वाजत राहिले. मग गाड्या मागे सरकत सरकत निघून गेल्या.

ऊन उतरल्यावर पुढारी आले आणि उंबऱ्यावरच बसले. आज ते ओरडतील अशी तयारी बाईंनी मनाशी केली होती. पण त्यांच्यात तेवढं त्राण उरलं नव्हतं.

"निम्मं गावसुद्धा आलं नाही, वहिनी. आमचेही नाहीत, त्यांचेही नाहीत. दारं ठोठावून हात भरून आले. कुणी म्हणतं अंगात कणकण आहे, कुणी म्हणतं आमच्या एकट्याने काय होणार. एकाने तर दार न उघडताच सांगितलं, मी घरी नाही."

"तुम्ही टाकलंत ना मत?"

पुढारी चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत राहिले. "दिवसभर लोकांना नेण्या-आणण्यातच होतो. बघितलं तेव्हा वेळ संपली होती."

बाई हसल्या नाहीत. चहा करून आणला. दोन घोट घेतल्यावर पुढाऱ्यांनी विचारलं, "गेला असतात तर कुणाला दिलं असतंत?"

असं आजवर त्यांना कुणी विचारलं नव्हतं. नवरा नुसता सांगायचा. बाईंनी थोडा विचार केला.

"वरच्यालाच. दवाखान्यात डॉक्टर बसवीन म्हणाला तो. बसवील असं मला वाटत नाही, पण दुसऱ्याने तर नावही काढलं नाही. आणि हे तुमच्यासाठी नाही हं, भावजी."

"सकाळी सांगितलं असतंत तर स्वतः हात धरून नेलं असतं."

"सगळ्या गावासमोर?"

कप खाली ठेवून पुढाऱ्यांनी चौकटीला डोकं टेकलं आणि बघता बघता त्यांचा डोळा लागला. तोंड किंचित उघडं राहिलं. लहानपणी, बाई नव्या नवरी होत्या तेव्हा, ते असेच कुठेही झोपून जायचे.

बाईंना एक शिवण आजच पुरी करायची होती. त्या मशीनपाशी बसल्या, सुईत दोरा ओवला. पण मशीनचा खडखडाट फार व्हायचा. मग त्यांनी चाकावरचा हात काढला, कापड मांडीवर घेतलं आणि दाराशी मिळत होता तेवढ्या उजेडात हातानेच टाके घालायला सुरुवात केली.