वाकडी करंगळी

"करंगळी वाकव गं! सरळ ठेवलीस की कापड पळतं. किती घसा कोरडा करू?" आत्या माझ्या अगदी कानाशी करवादली.

मित्रांनो, मी या शिवणघरातली जुनी कात्री. घडले भट्टीत, पण मला वळण लावलं आजीनं. तिची करंगळी जन्मतःच वाकडी. माझ्या मुठीत मावेना, म्हणून बाहेरच आकड्यासारखी राहायची. शिकायला येणाऱ्या बायकांना वाटलं, खरी विद्या यातच आहे! त्याही करंगळी वाकवायला लागल्या. आजी गालात हसायची, पण खरं काही सांगायची नाही.

आजी गेली. करंगळी मात्र गेली नाही. लेकांच्या, लेकीच्या हाडात उतरली आणि परक्या बायकांच्या सवयीत जाऊन बसली. तिला न पाहिलेल्या बायकाही तिचंच बोट वाकवून कापड कापतात. मला कधीकधी भीतीच वाटते.

मध्यंतरी विजेची कात्री आली आणि मी डब्यात गेले. कुणीतरी माझ्याकडून पत्रा कापून घेतला. पात्याला पडलेला तो दाता अजून सलतो. म्हणून सांगते मित्रांनो, जुनं हत्यार जपून धरा. त्याच्या मुठीत आधीचा हात असतो.

आज आत्यानं मला भावाच्या लेकीच्या हाती दिलं. ही पोर दुपट्यात गुंडाळून घरी आली, तेव्हा तिचं पहिलं झबलं मीच बेतलं होतं. त्या दिवसाबद्दल मोठ्यांनी तोंडं शिवून घेतली, ती आजतागायत.

पोरीनं करंगळी वाकवली. मी सरसर चालले. ब्लाउजच्या गळ्यापाशी ती थांबली, श्वास रोखला, अंगठ्यानं कापड दोनदा थोपटलं.

मी गारठले. हे थोपटणं आजीचं. आजीला तर पोरीनं फोटोतच पाहिलेलं.

आत्याचा हात नकळत तिच्या स्वतःच्या मांडीवर तसाच थोपटत होता.

पोरीनं गळा कापला. एकही दोरा निसटला नाही. मग मला खाली ठेवून तिनं हात पसरला.

"आत्या, तुझी करंगळी वाकडी, बाबांची वाकडी, काकांचीही. माझीच कशी सरळ? मला मुद्दाम वाकवावी लागते."

मशीन थांबलं. मशीनवर बसलेल्या पोरीच्या आईनं सुईत दोरा ओवायला घेतला. सुईत दोरा होताच.

"आत्या?"

आत्यानं ती सरळ करंगळी आपल्या वाकड्या करंगळीत अडकवली.

"तू आमच्या रक्ताची नाहीस, बाळा. आणि आत्ता माझ्यासमोर माझी आई कापत होती."