चंदेरी झाकण

पेंटरबाबांनी आयुष्यभर लोकांच्या गाड्या रंगवल्या आणि त्या नादात स्वतःच्या लेकीची एकही स्पर्धा पाहिली नाही. लेक लांब उडी मारणारी. ती मैदानावर असायची तेव्हा हे गॅरेजात फवारा धरून उभे. आता कामातून मोकळे होऊन, राहायची सोय असलेली व्हॅन घेऊन बायकोबरोबर भटकत होते. आज चार वाजता लेकीची अंतिम फेरी टीव्हीवर थेट दिसणार होती. फोनवर इथे जेमतेम बोलता येत होतं, चित्राचं नाव नको.

सव्वातीन वाजले तरी पडद्यावर एकच ओळ: सिग्नल शोधत आहे. शोधतोय कसला डोंबल!

शेवटी रस्त्याकडेच्या गॅरेजातली मेकॅनिक बाई शिडी घेऊन आली. तिने बॅटरी तपासली, केबल काढून पुन्हा घट्ट बसवली, गाडी झाडाखालून उघड्यावर घ्यायला लावली. टपावरच्या झाकणाआड अँटेनाची तबकडी गरगर फिरायची, थांबायची, पुन्हा फिरायची.

"काका, यंत्र ठणठणीत आहे. त्याच्यापर्यंत काही पोचतच नाहीये." तिने झाकणावर टिचकी मारली. "हे असं चकचकीत कुणी केलं?"

"मी! गेल्याच आठवड्यात." बाबांची छाती फुगली. "मूळचं पांढरं अगदीच कळाहीन होतं हो. गाडीला शोभेल असे चार हात दिले, मेटॅलिक चंदेरी. एक ओघळ दाखवा!"

"ओघळ नाही, पण या रंगात धातूची पूड असते. लहरी आत शिरणार कुठून? तुम्ही बिचारीला पत्र्याच्या डब्यात कोंडलंय."

"काहीतरीच! रंगाने कधी..."

"अहो, वाद नंतर घाला," बायको खालून कडाडली. "पावणेचार झाले!"

बाबांचं तोंड एवढंसं झालं. मेकॅनिक बाईने स्क्रू ड्रायव्हर लावला, तर तोही बसेना. बाबांनी स्क्रूसुद्धा इतके मन लावून रंगवले होते की खाचा पार बुजल्या होत्या. मग बाबाच चाकू घेऊन शिडी चढले आणि स्वतःचं काम स्वतःच्या हाताने खरवडू लागले. पहिल्या स्क्रूला जीव तुटला. चौथ्यापर्यंत ते स्वतःलाच शिव्या घालत होते.

झाकण निघालं. तबकडी अर्धा फेरा फिरली आणि थबकली.

"आलं! चित्र आलं!" बायको ओरडली.

"वारा नाहीये, आजच्यापुरतं उघडं चालेल," मेकॅनिक बाई म्हणाली. "पण नवीन झाकण पांढरंच ठेवा हं, काका." ऐकायला काका होते कुठे? ते केव्हाच आत जाऊन पडद्याला नाक लावून बसले होते.

लेक चौथी आली. तासाभराने तिचा फोन आला, तो बाबांनी घेतला.

"बाबा, पदक हुकलं. थोडक्यात."

"शेवटच्या उडीआधी तू बुटाची नाडी दोनदा बांधलीस," बाबा म्हणाले. "आणि धावताना ओठ काय चावतेस गं? रक्त आलं असतं."



"फोन आईला द्या," ती एकदम म्हणाली. बाबांनी मुकाट्याने दिला, तरी तिचं ओरडणं त्यांना लख्ख ऐकू आलं. "आई, अगं, बाबांनी पाहिलं मला!"