पक्षी एक की दोन?

पहाटे गच्चीवर गाणारा पक्षी एक की दोन, यावरून सासू-सुनेची जुंपली होती. सासूबाईंनी आयुष्यभर गाणं शिकवलेलं. त्या ठामपणे म्हणत, "दोन आहेत. एक म्हणतो, दुसरा जबाब देतो." सून आवाजांवर संशोधन करणारी. "कान फसवतो, आई. कॉम्प्युटरलाच विचारू."

तिने अडगळीतला कॉम्प्युटर काढला, त्यातलं जुनं सगळं पार पुसून त्यावर लिनक्स ही प्रणाली चढवली, प्रोग्रॅम लिहायची पायथॉन भाषा घातली, आणि ऑफिसचं कामही त्यावरच आणलं. सासूबाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या. पडद्यावर ओळी सरसर धावत होत्या. एकदम लाल अक्षरं उमटली आणि सगळं थांबलं.

"रुसला का गं?"

"माझ्या ऑफिसच्या कामाला आकडेमोडीची जुनी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, लागते, आवाजाच्या प्रोग्रॅमला त्याचीच नवी आवृत्ती. दोघी एकत्र नांदत नाहीत."

"मग वेगळी चूल मांडून दे."

सून खळखळून हसली. "अहो, अगदी तेच करायचं असतं!" तिने आवाजाच्या कामासाठी वेगळा कप्पा केला, नवी लायब्ररी तिथेच ठेवली, आणि गाडी रुळावर आली.

पहाटेचं रेकॉर्डिंग घातलं तसा पडद्यावर गाण्याचा नकाशा उमटला. सूर चढला की रेघ वर, उतरला की खाली. सासूबाई नाक लावून बघत राहिल्या. एक रेघ संपायच्या आत दुसरी सुरू झाली होती.

"बघ! दोन!"

"तसं नाही, आई. काही पक्षी एकट्यानेच दोन सूर काढतात."

सासूबाई विचारात पडल्या. "मग माइक दोन खिडक्यांत लाव. जो जवळ, त्याचा आवाज आधी पोचेल ना?"

"म्हणजे आवाज कुठून येतो तेही कळेल!" सून म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने दोन्ही माइक जोडले आणि कोणता आवाज कुठल्या खिडकीत किती आधी पोचला ते काढणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. उत्तर आलं तेव्हा तिने ते पुन्हा चालवून पाहिलं. आवाज तीन जागांहून येत होते.

"तीन?" सासूबाई चक्रावल्या. "तिसऱ्याचं एकट्याचं ऐकव."

दोन-चार सूर ऐकून त्यांनी मान हलवली. "हा होय! ऐकला होता मी. पण अजून शिकतोय तो, सूर लागत नाही. म्हणून धरलाच नव्हता."