घुंगुरकाठी

काठीला हात लागू नये म्हणून पांडूने ती घोंगडीत गुंडाळून काखेत मारली होती. पण घुंगरं थोडीच ऐकतात? पोलादपूरच्या वरच्या वाडीतून सकाळी निघाल्यापासून ती आतल्या आत खुळखुळत होती, आणि वाटेवरचे लोक सवयीने पदर-धोतर सावरून बाजूला होत होते. पांडूला वाटलं, आपल्याला मान देतायत.

काठी कुशाबा महाराची. वाडीत शिरताना ती आपटायची, घुंगरं वाजली की लोकांनी ओळखायचं, महार आला, आणि सावली चुकवायची. कुशाबाच्या बापाने ती वाहिली, आज्याने वाहिली. चार दिवसांपूर्वी कुशाबाने ती रावजी खोताच्या ओट्याखाली टाकली आणि महाडच्या सभेला चालता झाला. दुसऱ्याच दिवशी खोताची म्हैस मेली. ओढायला कोण? म्हैस गोठ्यात फुगत राहिली.

खोताने आपलं कूळ बोलावलं. पांडू कुणबी.

"ही काठी त्याच्या हातात नेऊन दे. उद्या दिवेलागणीच्या आत तो काठी घेऊन परत आला तर ठीक. नाय आला तर त्याचं घर पेटवायचं. बायको आत असो नायतर भायेर. आणि पेटवायचं तू."

"मी?"

"माझी जमीन कसतोस ना? मग चूडही तूच धर."

पांडू "जी" म्हणाला. दुसरा शब्द त्याला कुणी शिकवलाच नव्हता.

महाडात सभेचा तळ शोधावा लागला नाही, माणसांची रीघच तिकडे लागली होती. पांडूला वाटलेलं, तिथे दारू असेल, आरडाओरड, शिव्या. बघतो तर झावळ्यांचा मांडव, बाहेर वहाणा ओळीने लावलेल्या. एकजण वर्तमानपत्र मोठ्याने वाचतोय आणि चाळीस माणसं श्वास धरून ऐकतायत. चुलाणावर डाळीचा हंडा रटरटतोय. मांडवाच्या तोंडाशी खाकी कोट घातलेला म्हातारा, छातीवर लढाईचे दोन बिल्ले. महिपती त्याचं नाव, पलटणीतून पेन्शन घेऊन आलेला.

"आपलं नाव?"

पांडूने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. महार आपल्याला 'आपलं' म्हणतोय! जन्मात त्याला कुणी तसं म्हटलं नव्हतं. खोताने नाही, तलाठ्याने नाही, बायकोनेही नाही.

"पांडू. कुणबी हाय मी."

"बरं. कुणबी तर कुणबी. तहान लागली असंल?" महिपतीने पाण्याचं टमरेल पुढे केलं. पांडू दोन पावलं मागे सरला. आजूबाजूचे खो खो हसले.

"अरे, वरनं ओता त्याच्या ओंजळीत!" एकजण ओरडला. "बघू दे, कसं लागतं ते!"

पांडूच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पाणी न पिताच तो आत घुसला.

कुशाबा पत्रावळी मांडत होता. मिशा ओल्या, सदऱ्यावर पाण्याचे डाग. वाडीत तो दहा हातांवरून जोहार घालायचा. इथे त्याने मान वर केली आणि म्हणाला, "ये पांडू. बस."

बस! पांडू उभाच राहिला.

"आत्ता तळ्यावरनं आलो," कुशाबा म्हणाला. "चवदार तळ्याचं पाणी प्यालो. गोड नाय रे. आपल्या ओढ्यासारखंच हाय. एवढ्यासाठी आमच्या पिढ्या तहानेल्या ठेवल्यान?"

पांडूने घोंगडी सोडली आणि काठी पत्रावळींवर टाकली. घुंगरं वाजली तशी पंगतीला जमलेली माणसं वळून बघू लागली.

"खोताने दिलीय. घे आणि चल. नायतर आज घर पेटणार तुझं."

"पेटवणार कोण?"

पांडू खाली बघू लागला.

"तू?" कुशाबा हळूच म्हणाला. "पांडू, तुझी बायको अडली तेव्हा रातची सुईण आणायला पोलादपूरपर्यंत कोण धावलं होतं रे?"

तेवढ्यात बाहेर गलका उठला. "देवळात शिरणार म्हणे! बाटवायला निघाले! मारा!" कुणी देवळाचं नावही काढलं नव्हतं. पण गावाला खरं-खोटं नको होतं, निमित्त हवं होतं.

लाठ्या, वासे, धोंडे. आधी हंडा उलटला. उकळती डाळ एकाच्या पायांवर गेली आणि तो गुरासारखा ओरडला. भातात माती कालवली. महिपती दोन्ही हात पसरून तोंडाशी उभा राहिला. "हात उचलू नका! हुकूम हाय!" त्याच्या कपाळावर वासा बसला आणि बिल्ले रक्ताने भरले. तरी तो ओरडतच होता, "उचलू नका!"

पांडूने काठी उचलली. हरवली तर खोत सोलेल, एवढंच डोक्यात. तिला हात लागला हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. काठी घेऊन तो पळाला आणि घुंगरं खणखणली. तिघे वळले.

"मी कुणबी हाय! आईच्यान कुणबी हाय!"

"घुंगरं वाजवत कुणबी आला बघा!" पहिला फटका उजव्या हातावर बसला. हाड मोडल्याचं पांडूने कानाने ऐकलं. दुसरा पाठीत. तिसरा डोक्यात बसणार तोच अंगावर कोणीतरी आडवं पडलं. कुशाबा. त्याच्यावर किती पडले ते पांडूने मोजले नाहीत. प्रत्येक फटक्याला वरचं शरीर उडायचं आणि कुशाबाचं ऊन रक्त त्याच्या मानेवर गळायचं.

जमाव पुढे गेला तेव्हा कुशाबाची नडगी वाकडी झाली होती. फुटलेल्या डोक्याला फडकं बांधून महिपती टमरेल घेऊन आला. पांडूने डाव्या हाताने ते ओढून घेतलं, तोंडाला लावून रिकामं केलं.

"मला चालवत नाय," कुशाबा म्हणाला. "घरी बया एकटी हाय."

पांडू काठी टेकत उठला.

सहा कोस. मोडलेला हात फडक्याने गळ्यात बांधलेला, डाव्या हातात उघडी काठी. पावलागणिक घुंगरं. लोक पुन्हा बाजूला होत होते, आणि का होतात ते आता त्याला कळत होतं.

वाडीत पोचला तेव्हा दिवस डोंगराआड चालला होता. कुशाबाच्या घरापुढे रावजी खोत दोन गडी घेऊन उभा, एकाच्या हातात पेटती चूड. दारात कुशाबाची बायको बया, हातात कोयता.

"घेतली का रे त्यानं काठी?"

"नाय."

"मग धर चूड."

"हात मोडलाय."

"डावा हाय ना?"

पांडू पुढे गेला. बयाने कोयता उगारला, पण त्याने तिच्याकडे पाठ केली आणि उंबऱ्यात उभा राहून काठी जोराने भुईवर आपटली.

घुंगरं वाजली. दोन्ही गडी पाऊलभर मागे सरले. खोतानेही धोतर आवरलं, बाजूला झाला. कोणी सांगितलं नव्हतं. पाय आपसूक हलले. पांडूने ते पाहिलं.

त्याने पुन्हा आपटली. ते पुन्हा सरले.

मग तो सरळ चालत गेला आणि काठी गड्याच्या मनगटावर हाणली. चूड उडून शेणाच्या खड्ड्यात विझली. खोत शिवी घालून पुढे झाला तेव्हा दुसरा तडाखा त्याच्या तोंडावर बसला. दात पडला. घुंगरं तुटून अंगणभर उधळली. बया कोयता घेऊन पांडूच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"जमीन काढून घेईन!" खोत तोंड दाबून ओरडला. "देशोधडीला लावीन भडव्या!"

"लाव," पांडू म्हणाला. "पण आधी म्हैस ओढ. वास माझ्या घरापर्यंत येतोय."

आणि तो कुशाबाच्या उंबऱ्यात बसला, सकाळ होईपर्यंत न उठण्यासाठी.