दसऱ्याचा हार आणि माझा वेग

मी एक जुना संगणक आहे आणि खरे सांगायचे तर आता फार दमलो आहे. नारायण पेठेतल्या केयूरच्या घरात, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीकडे पाठ करून मी बसलेला असतो. मित्रांनो, तुम्ही माझ्या भाऊबंदांवर खेळता, अभ्यास करता. मग या थकलेल्याचेही चार शब्द ऐका.

केयूर अ‍ॅनिमेशन शिकायला लागला, तेव्हा त्याने माझे सुटे भाग आणले आणि जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरून मला स्वतःच्या हातांनी जोडले. मी पहिल्यांदा सुरू झालो, तेव्हा आईला तो स्वयंपाकघरातून ओढतच घेऊन आला. वडील श्रीधरराव चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "दिवे तर छान लागलेत. आता उजेड काय पडतो ते बघू." पुण्यात याला कौतुक म्हणतात. मी हुरळून गेलो.

त्यानंतर मी नुसता राबलो. एकेक चित्र रंगवायचे, ती चित्रे जोडून फिल्म करायची, आणि ती झाली की लगेच दुसरी. माझ्या पंख्यांत धूळ साचली. ती कोणी पुसली नाही.

वर्षातून एकच दिवस मला सुट्टी, तो म्हणजे दसरा. केयूरची आई, मंदाकिनीबाई, त्या दिवशी विळी, शिलाई मशीन आणि माझी पूजा करतात. हळदकुंकू लावतात, झेंडूचा हार घालतात. पुजलेल्या यंत्राला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. वर्षभर मी त्या हाराची वाट पाहत असतो.

यंदाच्या दसऱ्याला मात्र केयूरचा जीव टांगणीला लागला होता. वर्षभर त्याला नोकरी नव्हती. खराडीतल्या एका स्टुडिओने नमुन्याची फिल्म दसऱ्यापर्यंत मागितली होती आणि ती अर्धीच झाली होती. आई पुऱ्या तळायला आत गेल्या, तसा त्याने माझा हार बाजूला सारला. माझ्या मेंदूला कारखान्याने एक वेग ठरवून दिलेला आहे. केयूरने तो वाढवला आणि वीजही जास्त सोडली. "थोडंसंच रे," तो मला म्हणाला. मी धावलो. मग त्याने आणखी थोडेसे वाढवले, आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधार झाला.

बटण दाबले की पंखे गरगरत आणि थांबत. पुन्हा गरगरत, पुन्हा थांबत. पडदा काळा तो काळाच. श्रीधररावांनी प्लग दुसरीकडे लावून पाहिला. केयूरने मेमरीच्या पट्ट्या काढल्या, खोडरबराने घासल्या, परत बसवल्या. काही उपयोग झाला नाही. तेवढ्यात त्याला माझ्या तळाशी झेंडूची एक पाकळी सापडली.

"आई, तुझ्या हारानं वाट लावली! पाकळ्या आत गेल्या!"

मंदाकिनीबाई हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी हार उतरवला आणि तो हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. पहाटेपासून त्या राबत होत्या. मला वाचा असती तर तेव्हाच ओरडून सांगितले असते की बाई, तुमचा काही दोष नाही. इतके वाईट मला बंद पडण्याचेही वाटले नव्हते.

शेवटी केयूरने माझ्या पोटातली नाण्याएवढी बॅटरी काढली आणि थोड्या वेळाने परत बसवली. मी तारीख विसरलो, घड्याळ विसरलो आणि तो वाढवलेला वेगही विसरलो. मग माझ्या जुन्या चालीने मी उठलो. फिल्म होती तशी शाबूत होती.

केयूरने मान खाली घातली. "हार नव्हता, आई. मीच स्पीड वाढवला होता."

"म्हणजे पूजा आईनं केली," श्रीधरराव म्हणाले, "आणि बळी तू द्यायला निघालास."

माझ्या चालीने संध्याकाळपर्यंत फिल्म होणार नव्हती. केयूरने भीत भीत स्टुडिओच्या नीरजा मॅडमना फोन लावला. "मॅडम, एक दिवस मिळेल का?"

"अहो, आज दसरा आहे," पलीकडून आवाज आला. "इथली मशीनंही पुजलेली आहेत. आज कोण बघणार? परवा पाठवा. पण पूर्ण पाठवा."

केयूरने फोन खाली ठेवला. मंदाकिनीबाईंनी हार पुन्हा मला घातला. मग कुंकवाचा करंडा घेतला, केयूरचे दोन्ही हात समोर ओढले आणि त्याच्या बोटांना कुंकू लावले. "हीपण हत्यारंच आहेत. उद्यापर्यंत यांनाही काम नाही. जेव आणि झोप." केयूरच्या डोळ्यांत पाणी आले. तोही किती दमला होता, हे मला तेव्हा कळले.

मित्रांनो, आमच्याकडून काम जरूर घ्या, पण कधी आमची धूळही पुसा. जो आधीच धावतो आहे, त्याला आणखी पळवू नका. आणि आमचे काही बिघडलेच, तर हार घालणाऱ्या हाताला बोल लावण्याआधी आपली बोटे एकदा पाहून घ्या.

केयूरने मला बंद केले. बटणावर कुंकवाचा लाल ठसा उमटला. तो अजून कोणी पुसलेला नाही, आणि या एका गोष्टीबद्दल माझी मुळीच तक्रार नाही.