सुपारी फुटली, पण हो कोण म्हणालं?

हल्लीची पोरं मला उलटंसुलटं करून बघतात आणि विचारतात, हा पकडीचा कोण लागतो? मित्रांनो, मी पकडीचा कोणी लागत नाही. मी सुपारी फोडणारा जुना अडकित्ता आहे. माझ्या एका आवाजानं एका मुलीचं लग्न ठरलं होतं. तो आवाज आठवला की आजही माझा खिळा आतल्या आत कापतो.

गंगाखेडच्या एका लोहारानं ट्रकच्या जुन्या पाट्याचं पोलाद तापवून माझं पातं घडवलं आणि माझ्या मुठींवर पितळेचे दोन राघू बसवले. एका राघूची चोच वाकडी झाली. लोहार म्हणाला, "असू द्या, वळख राहील." कासाबाईच्या वडलांनी लेकीच्या लग्नात मला विकत घेतलं, आणि तिच्या पानाच्या चंचीत बसून मी पोखर्णीला आलो.

कासाबाईची शाळा चौथीला सुटली. पण बोलण्यात ती तहसीलदारालासुद्धा हार जायची नाही. कोणाचं बांधावरून भांडण असो की कोणाची सून रुसलेली असो, माणसं तिच्या ओट्यावर येऊन बसायची. ती ऐकायची आणि मी सुपारी कातरायचो. कट्, कट्, कट्. माझा आवाज चालू असला की समोरचा बिनघोर बोलायचा. मी मध्येच थांबलो की त्याच माणसाचा सूर खाली यायचा, आणि तो म्हणायचा, "तसं न्हाई काकू, माझी बी चूक हायच." असं वागायचं हे कोणी ठरवलं नव्हतं. सगळ्यांना ते कळत होतं, पण आपल्याला कळतं हे कोणाच्या ध्यानातच नव्हतं. नवरा सटवाजी गरीब माणूस. तो तर बायकोच्या तोंडाकडे न बघता माझ्याकडे बघूनच उठायचं की बसायचं ते ठरवायचा.

हे पहिल्यांदा ध्यानात आलं ते तिच्या लेकीच्या, राजेश्रीच्या. ती नांदेडला पीएच.डी. करत होती. विषय काय, तर माणसं बोलता बोलता एकमेकांना कशी समजून घेतात.

"ह्याला काय शिकायचं?" कासाबाई म्हणाली होती. "तोंड देवानं दिलंय, कान देवानं दिलेत. तुझे सर काय नवीन बसवून द्यायलेत का?"

"माय, बोलतात सगळे. समजतं कसं, ते बघायलेय मी."

"मला इचार की मग. एका दिसात सांगते, घरी ये मोकळी होऊन."

राजेश्री हसली आणि माणसांना विचारून ओट्यावरच्या बाजेवर मोबाइल ठेवू लागली. गप्पा भरून घ्यायच्या आणि मग एकेक शब्द वहीत उतरायचा. कोण कुठं थांबलं, कोणी कोणाचं बोलणं तोडलं, कोण नुसतं 'हं' म्हणालं. माझा आवाज आला की ती कंसात 'कट्' लिहायची. सरांनी म्हणे विचारलं, हा 'कट्' कोण आहे? मित्रांनो, खोटं का बोलू, छाती फुगली माझी. गावात पाटलाच्या घरी चांदीचा अडकित्ता आहे, पण पीएच.डी.च्या वहीत कोण गेलं? मी.

पण ती फुगलेली छाती फार दिवस टिकली नाही.

माघात गंगाखेडहून पाहुणे आले. दत्तराव, त्यांच्या पत्नी कमलबाई, आणि साखर कारखान्यात नोकरीला असलेला त्यांचा मुलगा योगीराज. मुलगा राजेश्रीला वाईट वाटला नव्हता. पण तिनं आईला आधीच सांगून ठेवलं होतं, "माझा प्रबंध पुरा होऊ दे. मग काय ते मीच सांगते." आणि कासाबाईनं चंचीवर हात ठेवून शब्द दिला होता, "तुझं लिहून होईस्तोवर ह्या घरात सुपारी फुटणार न्हाई."

तुम्हाला ठाऊक असेल, आमच्याकडे लग्न ठरलं की दोन्ही घरांसमोर सुपारी फोडतात. सुपारी फुटली म्हणजे शब्द पक्का झाला. मग माघार घेणाऱ्याचं नाव गावभर होतं.

राजेश्रीनं मोबाइलवर बोलणं भरून घेऊ का म्हणून विचारलं. दत्तराव मोठ्यानं हसले. "ठेव की पोरी. आमी काय चोरून बोलायलाव का?"

बोलणं शेतीवरून नातेवाइकांवर आलं. मग दत्तराव पुढं सरकून म्हणाले, "मंग कासाबाई, अक्षय तृतीयेला उरकून टाकू का?"

गावाला धारेवर धरणारी बाई पाहुण्यांपुढं गप्प झाली. दारी आलेल्याला नाही कसं म्हणावं, हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं. जीव घाबरा झाला की तिचा हात चंचीत जातो, ती तिची जुनी सवय. तो गेला. तिनं सुपारी माझ्या तोंडात धरली. मित्रांनो, मला ओरडावंसं वाटलं, बाई, ही वेळ नव्हे! पण माझं तोंड उघडणं माझ्या हातात, म्हणजे माझ्या मुठीत, कधी नव्हतंच. मूठ दाबली गेली.

कट्.

"फुटली!" दत्तरावांनी मांडीवर थाप मारली. "सुपारी फुटली! कमल, साखर काढ!"

कमलबाईंनी सगळ्यांच्या तोंडात साखर घातली, विहीणबाई म्हणून कासाबाईची गळाभेट घेतली. दत्तरावांनी सुपारीची एक फोड रुमालात बांधली. राजेश्री चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. चहा तिनं सगळ्यांना दिला.

पाहुणे गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "माय, तू शब्द दिलतास."

"मी काय बोलले का?" कासाबाई कडाडली. "एक शब्द तरी निघाला का माझ्या तोंडातून?"

आणि सगळा राग माझ्यावर निघाला. तिनं मला एका पत्र्याच्या डब्यात टाकलं आणि डबा फळीवर सारला. जुनी बटणं, तुटकी बांगडी, मेणबत्तीचा तुकडा, ही माझी सोबत. पातं गंजू लागलं. त्याहून वाईट म्हणजे बाहेरचं सगळं ऐकू यायचं. मांडव कुठं घालायचा, पत्रिका किती. राजेश्रीचा आवाज मात्र येत नव्हता. दिवस जवळ येत होते आणि मी अंधारात तेच तेच मोजत होतो.

एके दुपारी मला माझाच आवाज ऐकू आला. डब्यात मी गप्प पडलेला, आणि बाहेर 'कट्'! मी दचकलो. राजेश्री ते बोलणं मोबाइलवर लावून वहीत उतरवत होती.

कासाबाई दारात थबकली. "हे काय लावलंस?"

"ऐक, माय." तिनं मागं नेऊन पुन्हा लावलं. दत्तरावांचा प्रश्न आला. मग काहीच नाही. बाहेर एक कोंबडी ओरडली. मग मी.

"तुला एखादी गोष्ट पटली, की समोरच्याचं बोलणं संपायच्या आत तू 'हं' म्हणतीस. माझ्याकडं तुझे वीस तास हायत, एकदा बी चुकली न्हाईस. इथं बघ. चार सेकंद तू गप हायस."

"चारच?" कासाबाई खाली बसली. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "मला तं वरीस गेल्यावानी वाटलं गं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं डबा उघडला, पदरानं मला पुसलं आणि चंचीत घातलं. मायलेकी एसटीनं गंगाखेडला निघाल्या. वाटभर कासाबाईची मूठ माझ्यावर आवळलेली. शब्द फिरवायला निघालेली बाई म्हणून उद्या लोक काय म्हणतील, हे ती दर थांब्याला पुटपुटत होती.

दत्तरावांच्या बैठकीत मोबाइल लावला. त्यांनी एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं. तोंड उतरलं. "म्हणजे हो म्हणलंच न्हवतं?"

"न्हाई," कासाबाई म्हणाली. "आन् न्हाई म्हणायची बी हिंमत झाली न्हाई. ती चूक माझी. पोरीला शब्द दिलता मी."

"मला तवाच कळलं होतं," कमलबाई आतून आल्या. "बाईचा हात हालला, तोंड न्हाई."

"मंग बोललीस काऊन न्हाई?" दत्तराव खेकसले.

"तुमी इचारलं का? साखर काढ म्हणलात."

पुढची सेकंदं राजेश्रीनं मोजली असतील, मी नाही मोजली, माझ्यात धीर नव्हता. मग दत्तराव उठले, कपाटातून रुमाल काढला आणि सुपारीची ती फोड कासाबाईच्या तळहातावर ठेवली. "पोरीचं लिहून होऊ द्या," ते म्हणाले. "मंग पुन्हा येतो, आन् ह्या बारीला तिलाच इचारतो."

मित्रांनो, आता मला आठवड्याला खोबरेल तेल मिळतं. तुमच्याही घरात फळीवर एखादं जुनं हत्यार गंजत पडलं असेल. त्याला खाली काढा, पुसा. त्याची चूक नसेलही. आणि कोणाला काही विचारलंत, तर उत्तर येईपर्यंत थांबा. हात हलला म्हणून माणूस हो म्हणाला, असं धरून साखर वाटू नका.

कासाबाई हल्ली साधी पानाची सुपारीही विचारून फोडते. शेजारणी हसतात. हसू देत.

प्रबंध गेल्या सोमवारी नांदेडला गेला. आज पाहुणे पुन्हा ओट्यावर बसले आहेत. दत्तरावांनी विचारलं आहे, राजेश्रीलाच विचारलं आहे. कासाबाईच्या हाताला घाम आहे, सुपारी माझ्या दातांत आहे, आणि ओट्यावर कोणी बोलत नाही. मला भीती वाटते आहे. पण माझं तोंड उघडं आहे, आणि राजेश्री बोलेपर्यंत कासाबाई ते मिटू देणार नाही.